शुक्रवारची नखं

भांडण पडद्यापलीकडे चाललं होतं आणि काकू पडद्याअलीकडे टॉवेल पिळत होत्या. सलूनच्या मागच्या अंगाला एक नळ, दोन बादल्या आणि वाळत घालायची दोरी, एवढाच त्यांचा दिवसाचा संसार. बाकीचा माळ्यावर. पडदा जाड होता, पण पडद्यानं नजर अडते, आवाज कुठे अडतो?

खुर्चीत बसला होता हॉलवाला, म्हणजे कोपऱ्यावरच्या नाचाच्या हॉलचा मालक. एका गालाची दाढी झालेली, दुसऱ्या गालावर साबणाचा फेस तसाच. आणि वस्तरा धरून उभा होता काकूंचा नवरा, ज्याला अख्खी गल्ली कानसेन म्हणायची.

"अरे, तुझा मास्तर म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या," हॉलवाला म्हणत होता. "रडकं वाजवायचं तर रडकं वाजवावं, नाचाचं तर नाचाचं. हा एका गाण्यात तीन गावं फिरवून आणतो. लोकांनी खिशातला रुमाल काढायचा की पायातले बूट?"

"दोन्ही," कानसेन म्हणाला.

"दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. हा तर तीन घरचा. तुझं ऐकतो तो. त्याला सांग, एक काय ते धर."

"तीन घरं आहेत म्हणूनच उपाशी राहायचे नाहीत मास्तर. एक दार लागलं तर दोन उघडी. तुमच्या हॉलसारखं नाही. एकच दार, आणि तेही फुगलेलं."

"वस्तरा हातात आहे म्हणून जीभ चालतेय तुझी."

"आणि मान माझ्या हातात असून तुमची चालतेय. त्याचं नवल वाटतं मला."

हॉलवाल्याला रागानं उठून जायचं होतं, पण अर्ध्या दाढीनं रस्त्यावर जाणार कसा? कानसेनला त्याला हाकलायचं होतं, पण गिऱ्हाईक अर्धं सोडणं त्याच्या हाताला माहीत नव्हतं. शेवटी त्यानं तो दुसरा गाल इतका मन लावून केला, की हॉलवाल्याच्या लग्नात तरी इतकी गुळगुळीत दाढी झाली असेल की नाही कोण जाणे. पाण्याचा हात फिरवला, टॉवेल झटकला आणि म्हणाला, "या." काकूंनी हसू आवरायला ओला टॉवेल तोंडात धरला होता.

दारांचं ते वाक्य पुढं त्यांच्या मनात कितीदा तरी आलं. पाहुण्याला तीन दारं होती हे खरं. पण तिन्हींची बिजागरी एकच होती, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आलं नाही.

कानसेन हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. तानसेन होता येत नाही त्यानं निदान कानसेन व्हावं, असं जुनी माणसं म्हणत. त्यात हा लोकांच्या कानांभोवती कात्री चालवणारा, म्हणून नाव चिकटलं ते चिकटलंच. तरुणपणी त्यानंही गिटार घेऊन पाहिली होती. लग्न झाल्या झाल्या काकूंनी ते वाजवणं सोसलं. कान इतका तयार, की आपण किती वाईट वाजवतो हे सगळ्यांच्या आधी त्यालाच कळलं. "ऐकायला मी आहे ना, मग वाजवायलाही मीच कशाला?" म्हणाला आणि गिटार देऊन टाकली. काकूंनी त्या दिवशी कारण नसताना गोड केलं.

पण ऐकणं सुटलं नाही. आणि ऐकण्यात सगळ्यात वर मास्तर.

मास्तर उंच, खांद्यात वाकलेले, सडेफटिंग. दिवसा वाद्यांच्या दुकानात तारा बदलून द्यायचे, शुक्रवार-शनिवार संध्याकाळी हॉलमध्ये गिटार वाजवायचे. बोलणं इतकं कमी, की पहिली दोन-तीन वर्षं काकूंना ते मुके वाटले. दर शुक्रवारी दुपारी ते सलूनमध्ये यायचे. केस कापायला नव्हे. नखं करायला.

गिटारवाल्याचे दोन हात म्हणजे दोन वेगळी माणसं. डाव्या हातानं तारा दाबायच्या, म्हणून त्या हाताची नखं अगदी मांसाला लागेपर्यंत कापलेली लागतात, नाहीतर बोट तारेवर बसत नाही. उजव्या हातानं तारा छेडायच्या, म्हणून त्याची नखं राखायची, पण अशी, की तार अडकता कामा नये आणि घसरताही कामा नये. अंगठ्याचं जरा तिरकं, पुढच्या तिघांची टोकं गोल. करंगळी कामाची नाही, ती कापून टाकायची. कानसेन मांडीवर टॉवेल अंथरायचा, त्यावर मास्तरांचा हात पालथा ठेवायचा आणि बारीक कानशीनं घासत बसायचा. शेवटी वस्तरा पाजळायच्या चामडी पट्ट्यावर एकेक नख ओढायचा. मग मास्तर पिशवीतून गिटार काढून एकेका बोटानं मोकळी तार छेडून दाखवायचे. कानसेन डोळे मिटून ऐकायचा. "मधलं अजून जरा," म्हणायचा. मास्तर मुकाट्यानं मधलं बोट पुढं करायचे. लेकीनं एकदा हे पाहिलं आणि आईला म्हणाली, "बाबांनी माझी नखं कधी बघितली होती का गं अशी?" काकू म्हणाल्या, "तुझी बघितली असती तर आधी ओरडले असते. बोलू नकोस."

मास्तरांनी काल काय वाजवलं हे गल्लीला कात्रीवरून कळायचं. कात्री सावकाश, थांबत थांबत, केस धरून ठेवत चालली की ओळखायचं, ब्लूज. टांग्याच्या घोड्यासारखी एका चालीनं टकटक चालली की कंट्री. आणि कंगवा-कात्रीचं एकमेकांत बोलणं सुरू झालं, मधेच एक ठोका वगळून पुढचा जरा उशिरा पडायला लागला, की स्विंग. जाणती गिऱ्हाइकं दारातूनच विचारायची, "आज काय चाललंय? ब्लूज असेल तर उद्या येतो, मागच्या खेपेला मान उघडी पडली होती."

काकूंना यातलं काही कळत नव्हतं, आणि कळत नाही हे सांगायची लाजही नव्हती. त्यांनी एकदाच विचारलं, ही तीन काय भानगड आहे? कानसेन कात्री पुसता पुसता म्हणाला, "ब्लूज म्हणजे दुखणं अंगावर काढायचं, पण सुरात. कंट्री म्हणजे दिवसभराचं काम संपवून माणूस रिकाम्या रस्त्यानं घरी निघालाय. आणि स्विंग म्हणजे डोकं नको म्हणतंय आणि पाय ऐकत नाहीत. तिन्ही येणारे पुष्कळ असतात. एकातून दुसऱ्यात जाताना उंबरठा लागू न देणारा हा एकच."

मग तो त्यांना हॉलमध्ये घेऊन गेला. लाकडी जमीन, भिंतीला लावलेल्या खुर्च्या, सगळीकडे पॉलिशचा आणि घामाचा वास. मास्तर कोपऱ्यात स्टुलावर बसलेले, मान खाली. सुरुवातीला असं वाजवलं, की काकूंना आई गेली तो दिवस आठवला, आणि आता रडू येणार म्हणून त्या पदर चाचपायला लागल्या. तेवढ्यात कुठं काय झालं कळलं नाही, तीच धून चालायला लागली, जणू आईला पोचवून माणसं आपापल्या घरी निघाली. आणि पदर डोळ्याला लागायच्या आत शेजारची जाडजूड बाई आपल्या नवऱ्याला ओढत नाचायला घेऊन गेलेली. काकूंनी खाली पाहिलं तर त्यांचीही चप्पल जमिनीवर वाजत होती. त्यांनी पाय मागं घेतला आणि नवऱ्याकडे बघितलं. तो नाचणाऱ्यांकडे बघत नव्हता. मास्तरांच्या डाव्या हाताकडे बघत होता. लग्नाच्या दिवशी त्यानं आपल्याकडे असं पाहिलं होतं का, याचा काकूंनी प्रामाणिकपणे विचार केला. उत्तर काही फार बरं आलं नाही.

पण राग आला नाही. ज्या माणसाला आवडतं असं काहीतरी घराबाहेर आहे आणि ते दारू नाही, जुगार नाही, दुसरी बाई नाही, त्याच्या बायकोनं तक्रार करू नये, असं त्यांचं मत होतं.

मग एका शुक्रवारी कानसेननं मांडीवर टॉवेल अंथरला, त्यावर मास्तरांचा डावा हात पालथा ठेवला, आणि हात टेकला नाही. करंगळीशेजारचं बोट जरासं उचललेलं राहिलं. टॉवेल आणि तळव्याच्या मधून काडी गेली असती, इतकंच. कानसेननं हात उलटा केला. तळव्यात, त्या बोटाच्या मुळाशी, कातडीखाली एक गाठ लागली, आणि गाठीपासून वर बोटाकडे जाणारी ताठ दोरी. त्यानं ती अंगठ्यानं एकदा दाबली. मास्तर आरशात बघत होते.

मास्तर गेल्यावर काकूंनी विचारलं, "आज काय झालं?"

"टॉवेल. घडी राहिली होती टॉवेलाला. हात बसत नव्हता."

काकूंनी टॉवेल उचलला, उजेडात धरला, परत ठेवला. त्यांच्या हातच्या टॉवेलाला घडी राहत नसे. वाळत घालतानाच त्या चारी टोकं ओढत आणि वर इस्त्री फिरवत. नवरा इतकं उघड खोटं बोलतोय म्हणजे खरं फार वाईट असणार, हे त्यांना तिथंच समजलं.

त्यानंतर दर शुक्रवारी कानसेन तेल कोमट करायला लागला. नखं झाली की तळवा चोळायचा. वर्षानुवर्षं त्यानं लोकांची डोकी चोळून डोकेदुखी घालवली होती, आखडलेल्या माना सोडवल्या होत्या, तेव्हा हे बोट काय चीज आहे, असं त्याला वाटत असावं. मास्तरही गुमान हात देऊन बसायचे. पण दुखत नव्हतं. दुखलं असतं तर दोघं शहाण्यासारखे डॉक्टरकडे गेले असते. मुकं दुखणं, आणि त्याच्यासमोर दोन मुकी माणसं.

"तुम्ही मास्तरांना सांगा ना, दाखवून घ्या म्हणून," काकू म्हणाल्या.

"त्यांना माहितीये."

"मग त्यांनी तुम्हाला सांगावं."

"मलाही माहितीये."

"मग अडलंय कुठं?"

कानसेन बराच वेळ पट्ट्यावर वस्तरा फिरवत राहिला. "बोललं की खरं होतं," म्हणाला.

हॉलमध्ये कोणाला पत्ता नव्हता. पण कात्रीला होता. आधी स्विंग गेलं. तिथं बोटं ताणून लांबलांबच्या तारा एकदम धरायच्या असतात. मास्तर त्या गाळून, वळसा घालून जायला लागले, आणि लोक टाळ्या वाजवत राहिले. मग ब्लूज पातळ झालं, कारण तार दाबून ढकलायला ते बोट पुरेना. शेवटी राहिली ती घरी निघालेल्या माणसाची चाल, तीही सोपी, सरळ रस्त्याची. कानसेनची कात्री नुसती टकटक, टकटक. एक म्हातारं गिऱ्हाईक म्हणालं, "आताशा तू बरा कापतोस. एकसारखं." कानसेननं आरशातून त्याच्याकडे असं पाहिलं, की पुन्हा ते कौतुक त्यानं कधी केलं नाही.

पुढं बोट इतकं वळलं, की मास्तर खिशात हात घालताना ते काठाला अडकायला लागलं. तेव्हा कुठं काकूंनी दोघांना समोर बसवलं आणि सांगितलं, "उद्या दवाखान्यात जायचं. तुम्ही दोघं जाणार नसाल तर मी मास्तरांना हाताला धरून नेते, मग लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे." दोघं गेले. डॉक्टरीणबाईंनी हात टेबलावर ठेवायला सांगितला, तो टेकला नाही, आणि त्या म्हणाल्या, "हे तर केव्हापासूनचं आहे. इतका उशीर का केला?"

मास्तरांनी कानसेनकडे पाहिलं नाही. कानसेन मात्र तेव्हापासून स्वतःकडे नीट बघू शकला नाही, आणि त्याच्या धंद्यात तर दिवसभर समोर आरसा.

ऑपरेशनात तळवा चिरून दोरी सोडवली. पट्टी निघाली तेव्हा बोट सरळ होतं. सरळ म्हणजे अगदी टॉवेलावर टेकेल असं. तो शुक्रवार काकूंच्या लक्षात राहिला. कानसेननं हात तीनतीनदा ठेवून बघितला आणि मग आत येऊन विनाकारण एक बादली इकडून तिकडे ठेवली. मास्तर हॉलमध्ये परत बसायला लागले. कात्रीनं एक-दोनदा ठोका वगळलाही. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या, काहींचं परत येतं. मास्तरांचं आलं. आलं ते शेजारच्या करंगळीला घेऊन आलं.

हॉलवाल्यानं दुसरा गिटारवाला आणला. एकाच पठडीतला, नाचाचं वाजवणारा, कामात चोख. हॉलवाला स्वतः दाढीला आला तेव्हा काकू पडद्यामागं श्वास धरून उभ्या राहिल्या, आता पुन्हा जुंपणार म्हणून.

"मी काही वाईट केलं नाही," हॉलवाला म्हणाला. "हॉल बंद ठेवता येत नाही."

"नाही," कानसेन म्हणाला.

"चांगला वाजवतो तो."

"चांगला वाजवतो."

थोड्या वेळानं हॉलवालाच म्हणाला, "पण रुमाल कोणी काढत नाही आता." कानसेननं हळूच त्याची हनुवटी वर केली आणि खालची दाढी केली. जुन्या भांडणात निदान जीव होता, असं काकूंना वाटलं.

आणि मग कानसेनला ती कल्पना सुचली. ती फक्त न्हाव्यालाच सुचू शकते.

न्हावी माणसाला समोरून बघत नाही, आरशात बघतो. आरशातला माणूस हाच त्याला खरा. कानसेन लोकांच्या डाव्या कल्ल्याला उजवा म्हणायचा आणि काकूंना रस्ता सांगताना नेहमी उलट्या गल्लीत पाठवायचा. एका शुक्रवारी मास्तर खुर्चीत बसलेले, नखं झालेली, मांडीवर गिटार, मोकळ्या तारा छेडून दाखवत होते. कानसेन आरशात बघत होता. आणि बघता बघता म्हणाला, "मास्तर, त्याच्याकडे बघा."

"कोणाकडे?"

"आरशातल्याकडे. त्याचा डावा हात चांगला आहे."

मास्तरांनी बघितलं. आरशातला मास्तर गिटार उलटी धरून बसला होता. ज्या हातानं त्यानं तारा दाबायला हव्यात, तो हात सरळ, लांब, पाचही बोटं शाबूत.

"तारा उलट्या लावू," कानसेन म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "उजव्यानं दाबायचं, डाव्यानं छेडायचं. छेडायला अंगठा आणि दोन बोटं आहेत ना तुमची? पुष्कळ झाली. डोक्यात सगळं आहेच. फक्त बाजू बदलायची."

"या वयात?"

"वय हाताला कुठं कळतं?"

काकूंना आतून ओरडून सांगावंसं वाटलं, की वय सगळ्यात आधी हातालाच कळतं, माझ्या हाताला विचारा. पण पडद्याच्या फटीतून नवऱ्याचा चेहरा दिसला आणि त्या गप्प बसल्या. इतक्या महिन्यांत तो चेहरा असा दिसला नव्हता.

तारा दाबायच्या तर नखं चालत नाहीत. कानसेननं नखं कापायची छोटी कात्री घेतली. मास्तरांचा उजवा हात टॉवेलावर ठेवला. ती नखं त्यानं राखली होती, घडवली होती, पट्ट्यावर ओढून आरशासारखी केली होती. अंगठ्यापासून सुरुवात केली. कट् आवाज झाला. मास्तरांनी डोळे मिटले, कानसेननं मिटले नाहीत, त्याला मिटता येत नव्हते. चारही मांसापर्यंत कापली. जमिनीवरच्या केसांत ते तुकडे पडले. काकू झाडू घेऊन आल्या तेव्हा क्षणभर थबकल्या. मग सगळं एकत्र झाडून काढलं. दुसरं काय करणार?

मास्तर रोज दुपारी, दुकानाच्या सुट्टीत, पडद्यामागं येऊन बसायला लागले. काकू टॉवेल धुवायच्या, ते पालथ्या डब्यावर बसून उलटी गिटार वाजवायचे. वाजवायचे म्हणजे काय, कोणीतरी फरशीवरून खाट ओढावी तसा आवाज. बोटं जागेवर पडायची नाहीत. पडली तर एकावेळी नाही. मास्तर घामाघूम होत, थांबत, पुन्हा सुरू करत. बाहेर कानसेन गिऱ्हाइकाला सांगायचा, "नवीन पद्धत आहे. बसेल हळूहळू." एक-दोनदा त्यांनी घरी निघालेल्या माणसाची चाल धरली, आणि काकूंना वाटलं आता जमलं, पण तो माणूस दोन पावलं टाकून अडखळायचा आणि तिथंच बसायचा.

"मास्तर, चहा घ्या," काकू म्हणायच्या.

"काकू, तुम्ही टॉवेल डाव्या हातानं पिळून बघा," एकदा मास्तर म्हणाले.

काकूंनी पिळून बघितला. अर्धं पाणी त्यांच्याच पायांवर सांडलं. मास्तर हसले. काकूंनी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच.

हिवाळा गेला, उन्हाळा आला, पंखे फिरायला लागले. एका दुपारी पडद्यामागचा आवाज थांबला तो थांबलाच. मास्तर गिटार घेऊन बाहेर आले. खुर्चीत कोणी नव्हतं. ते खुर्चीत बसले.

"मला येतं ते या हाताला येत नाही," म्हणाले. "आणि या हाताला येईल ते मला ऐकवत नाही."

"अजून थोडे दिवस," कानसेन म्हणाला.

मास्तरांनी उजवा हात पुढं केला, तळवा वर. "इथं बघ."

कानसेननं अंगठा ठेवला. करंगळीशेजारच्या बोटाच्या मुळाशी, बारीक, डाळीच्या दाण्याएवढं. त्यानं तो हात टॉवेलावर पालथा ठेवला. टॉवेल त्याच सकाळी काकूंनी इस्त्री केलेला होता. हात टेकला नाही.

या खेपेला कोणी टॉवेलाला दोष दिला नाही. "दोन बोटांवरही वाजवणारे होऊन गेले म्हणतात," कानसेन कसाबसा म्हणाला. मास्तर म्हणाले, "ते तरणे होते." मग थोड्या वेळानं म्हणाले, "तुझं काही चुकलं नाही," आणि त्यानं कानसेनला जास्तच चुकल्यासारखं झालं. आरशात दोघं म्हातारे एकमेकांसमोर बसल्यासारखे दिसत होते.

गिटार मास्तरांनी देऊन टाकली. कोणाला, ते सांगितलं नाही. वाद्यांच्या दुकानातलं काम सुटलं, कारण तारा चढवायलाही बोटं लागतात. ते त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीतच राहायला लागले. गल्लीला मास्तर नसण्याची सवय झाली. गल्लीला कशाचीही होते.

पण शुक्रवार आला आणि कानसेननं पिशवीत टॉवेल, कानस, छोटी कात्री आणि चामडी पट्टा भरला.

"कुठं?" काकू म्हणाल्या.

"मास्तरांकडे. नखं."

"कसली नखं आता?"

"वाढतात ना? वाढतात तोवर करायची."

काकूंना वाटलं, नखं म्हणजे सगळी कापून टाकत असेल, कोणाही म्हाताऱ्याची कापावी तशी. पण परत आल्यावर कानसेनच्या बाह्यांवर नखांची पांढरी भुकटी होती. त्यानं उजवी पुन्हा राखायला घेतली होती. डावी मांसापर्यंत, उजवी गोल, अंगठा तिरका, करंगळी कापलेली. जशी होती तशी. ज्या हातांत आता पेलाही नीट मावत नव्हता, त्या हातांची.

लेक आली होती तेव्हा म्हणाली, "आई, हे वेडेपण आहे. दोघांचंही."

"आहे," काकू म्हणाल्या. "तू चहा ठेव."

कात्रीचं सांगायचं तर ती आता काहीच वाजवत नव्हती. केस कापत होती. कानसेनला धाप लागायला लागली होती, पायांवर सूज होती, डॉक्टरांनी जिने बंद सांगितले होते. उभं राहणं कमी करा म्हणाले, तर तो म्हणाला, बसून केस कापणारा न्हावी तुम्ही बघितलाय का? शेवटी फक्त सकाळचं दुकान ठेवलं. आणि शुक्रवार.

त्या शुक्रवारी काकू म्हणाल्या, "आज राहू द्या. एका आठवड्यानं काही नखं आभाळाला लागत नाहीत."

"मागच्या खेपेला मधल्याला चीर दिसत होती. वाढली तर तुटेल."

"तुटली तर तुटली."

त्यानं पिशवी उचलली. काकूंनी ती त्याच्या हातातून घेतली आणि चप्पल घातली. रस्त्यानं तो तीनदा थांबला, दर खेपेला दुकानाच्या काचेत काहीतरी बघायचं असल्यासारखा. हॉलचं दार उघडं होतं, आत कोणी जमीन पुसत होतं. जिन्यावर प्रत्येक वळणाला तो कठड्याला टेकला. काकू वरच्या पायरीवर वाट बघत राहिल्या. बोलण्यासारखं त्यांच्याकडे पुष्कळ होतं.

मास्तरांनी दार उघडलं. आत खाट, टेबल, एक खुर्ची. भिंतीवर खिळा, खिळ्यावर काही नाही. मास्तर खाटेवर बसले, कानसेन खुर्चीवर. त्यानं मांडीवर टॉवेल अंथरला, चारी टोकं ओढली. आधी डावा. मिटलेली बोटं एकेक करून आपल्या बोटांनी उघडून धरायची आणि मांसापर्यंत कापायचं. मग उजवा. अंगठ्याला कानस लावली, मग पहिलं, मग मधलं. मधल्याची चीर त्यानं खिडकीच्या उजेडात धरून पाहिली आणि चिरेच्या खाली जाईपर्यंत घासत राहिला. काकू दाराजवळ उभ्या होत्या. बसायला जागा नव्हती. कानशीचा बारीक आवाज तेवढा येत होता.

पट्ट्यावर चारही नखं ओढून झाली तेव्हा मास्तरांनी हात टेबलाच्या कडेला नेला. तार नव्हती म्हणून लाकडाच्या कडेवर एकेक नख छेडलं. टक्. टक्. टक्. कानसेन डोळे मिटून ऐकत होता.

"मधलं अजून जरा," म्हणाला.

मास्तरांनी मधलं बोट पुढं केलं. त्यानं दोनदा कानस फिरवली, पुन्हा पट्टा. पुन्हा टक्.

"हं," कानसेन म्हणाला.

मग त्यानं टॉवेल चारी बाजूंनी उचलून धरला, खिडकीबाहेर झटकला, घडी घातली आणि पिशवीत ठेवला. कात्री पुसली. पट्टा गुंडाळला. उठताना काकूंनी हात पुढं केला तो धरला.

"शुक्रवारी येतो," म्हणाला. मास्तरांनी मान हलवली.

खाली उतरताना दुसऱ्या वळणावर तो थांबला. काकूंना वाटलं धाप लागली. पण तो म्हणाला, "नखं मऊ झालीयेत त्यांची. पुढल्या खेपेला हलक्या हातानं घासायला हवं."

"बरं," काकू म्हणाल्या. पिशवी या हातातून त्या हातात घेतली, आणि दोघं पुढच्या पायरीवर उतरले.